मुकादम इतक्या उशिरा का येतो?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, ऊसतोडीवरच्या तुझ्या कादंबरीच्या हस्तलिखिताचा गठ्ठाही मिळाला. पत्र घाबरलेल्या माणसाचं आहे, गठ्ठा तसा नाही. म्हणून मी गठ्ठ्याशीच बोलणार आहे. तुला लिहिता येतं की नाही, हा विषय आपण काढायचाच नाही. येत नसतं तर मी एवढं लांबलचक पत्र लिहायला बसले नसते.

तू विचारतोस, कादंबरीची सुरुवातीची मांडणी किती पानांत आटपावी? लेखन शिबिरात एका गृहस्थांनी तुला सांगितलं की पहिल्याच पानावर प्रेत पडलं पाहिजे, नाहीतर आजचा वाचक पुस्तक मिटतो. दुसऱ्यांनी सांगितलं, आपल्याकडची कादंबरी संथच असते, मातीचा वास येऊ दे, घाई करू नकोस. तू दोघांचंही ऐकलंस. आता पहिल्या दोन पानांवर उसाच्या फडात एक प्रेत आहे, आणि तिसऱ्या पानापासून ९४व्या पानापर्यंत गावाचा, घराण्याचा आणि साखर कारखानदारीचा इतिहास. ऊसतोडीसाठी टोळी जमवणारा मुकादम येतो ९५व्या पानावर. टोळीला फडावर नेणारा ट्रक भरतो ११४व्या पानावर. आणि तू विचारतोस, यातली निम्मी पानं कापू का?

किती कापायचं ते मी सांगणार नाही. तीस काप म्हटलं तर तू तीस कापशील, आणि उरलेली तशीच निपचित पडून राहतील. तुझ्या त्या ९२ पानांत कुणालाच काही नडलेलं नाही, दुखणं ते आहे.

मी एकच गोष्ट धरून लिहीत आले आणि या वयात ती सोडणार नाही: नड आधी, माहिती नंतर. पानावरच्या कुणाला तरी काहीतरी हवं असलं पाहिजे आणि ते मिळण्यात अडचण असली पाहिजे. त्या अडचणीतून वाट काढायला जेवढी माहिती लागते तेवढी द्यायची, लागते तेव्हाच द्यायची. आधी साठवून ठेवायची नाही. पाहुणा दारात उभा राहून पाणी मागतोय आणि तू त्याला घराण्याची वंशावळ ऐकवतोयस, असं झालंय तुझं. वंशावळ खोटी आहे असं मी म्हणत नाही. त्याला तिची तहान लागलेली नाही.

तुझी पानं समोर घेऊन बोलते. सातव्या पानापासून पणजोबांची जमीन कशी गेली ते आहे. विसाव्यापासून १९७२चा दुष्काळ. मग कोणत्या आळीत कोण राहतं. मग प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना, तो उभारणारे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ, सहकाराची वाढ, पश्चिमेकडे पाणी गेलं आणि बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली माणसं त्या पाण्यामागं कोयता घेऊन कशी गेली. सगळं खरं आहे. तू कष्टानं गोळा केलंयस, एखाद्या दिवाळी अंकाला लेख म्हणून पाठवलंस तर ते आनंदानं छापतील. पण यातल्या एकाही ओळीची त्या क्षणी तुझ्या कादंबरीतल्या एकाही माणसाला नड नाही. आईला नाही, बापाला नाही, बहिणीला तर नाहीच. नड फक्त तुला आहे. ही माणसं कुठून आली ते वाचकाला आधी समजावून दिलं नाही तर तो त्यांना नावं ठेवेल, अशी तुला भीती वाटते. मी ती भीती ओळखते. गरिबांबद्दल लिहिणारा प्रत्येक प्रामाणिक माणूस पहिली शंभर पानं वकिली करतो.

वकिली बंद कर. तुझ्या माणसांना वकील नकोय.

आता २७वं पान काढ. आजी ७२ साली खडी फोडायला जात होती. बहिणीचं तान्हं पोर तिच्याकडे सांभाळायला होतं. कामावर झाडाला झोळी बांधलेली. लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, सुकडी, ऊन, आणि जुलाब होऊन ते पोर तिच्याच हातात गेलं. तू हे सहा ओळींत सांगितलंयस, आणि चांगलं सांगितलंयस. आता १०१वं पान काढ. मुकादम उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, देऊन गेलाय, आई-बाप जाणार हे ठरलंय, धाकट्याला घरी ठेवायचं का बरोबर न्यायचं यावर बोलणं चाललंय. आणि तिथं तुझं एक वाक्य आहे: ‘आजी म्हणाली, मी पोरगं ठेवून घेणार नाही.’ संपलं. पुढच्या ओळीत तू ट्रकच्या टायरवर गेलास!

अरे, हीच तुझी सुरुवात आहे. आईला नड आहे: पोरगं घरी राहिलं तर ती दिवसभर मोळ्या बांधू शकते, गाडी भरू शकते, नाहीतर फडाच्या बांधावर त्याला सोडून कामाला लागायचं आणि एक डोळा सतत तिकडे. सासूनं नाही म्हटलंय. का, ते सांगत नाही. आई कोयत्याला कानस मारत बसली आहे आणि सासू काय बोलते याकडे तिचा कान आहे. त्या कानशीच्या आवाजावर मी तुझी चार पानं वाचेन, सहा वाचेन. कुणीही वाचेल. आणि त्यानंतर, आई जेव्हा चिडून म्हणेल, ‘एवढी काय धाड भरली तुम्हाला, नातूच आहे ना तुमचा?’ तेव्हा ७२ साल येऊ दे. तेव्हा झोळी येऊ दे. त्या सहा ओळी उचलून इथं ठेवल्यास तर १९७२चा सगळा दुष्काळ त्या एका नकारात उतरेल, आणि वाचकाला आपण इतिहास वाचतोय असं क्षणभरही वाटणार नाही.

दोन्ही पानं तुझीच आहेत. तूच लिहिलीस. मधे ७३ पानांची भिंत बांधलीस म्हणून ती एकमेकांना दिसत नाहीत.

दुसरं. ‘कोयता’ म्हणजे काय हे तू ४१व्या पानावर समजावून दिलंयस: नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल जोडीवर मिळते, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळावं म्हणून. आणि ९५व्या पानावर मुकादम ओसरीवर बसून विचारतो, ‘यंदा किती कोयते?’ बाप म्हणतो, ‘दीड.’ मुकादम म्हणतो, ‘अर्धा मला परवडत नाही. पुरा कर, नाहीतर अर्ध्याची उचल विसर.’ आणि घरात चुलीपाशी सोळा वर्षांची बहीण ऐकते आहे. थोरला भाऊ दोन हंगामांपूर्वी फडातून पळून गेलाय, मधल्याचा अर्धा कोयता आहे, तो पुरा करायचा म्हणजे त्याला बायको आणायची, आणि ती आणायची तर बदल्यात बहीण द्यायची. लग्न दिवाळीच्या आत. हे सगळं तुझ्या लिहिण्यात आहे.

४१व्या पानावरचा तो खुलासा काढून टाक आणि वाचकाला त्या ओसरीवर नेऊन बसव. त्याला ‘दीड’ म्हणजे काय कळणार नाही. नाही कळलं तर नाही कळलं. बहिणीला कळलंय ना? तिच्या हातातली काटवट थांबली ना? मग वाचक तिच्याकडे बघून ओळखेल, आणि ओळखेल तेव्हा त्याच्या पोटात खड्डा पडेल. तो खड्डा तू ४१व्या पानावर बुजवून टाकलास, कारण तुला वाटलं माहिती आधी द्यावी. नड आधी, बाबा. आधी नड. वाचक न कळण्याला घाबरत नाही. पानावरच्या माणसाला कळलंय आणि आपल्याला अजून कळलेलं नाही, अशा अवस्थेत तो खूप लांब चालतो, आनंदानं चालतो. पुढं काय हे माहीत असून उगीच थांबवून ठेवलं की मात्र तो कंटाळतो.

हे मी हवेतलं बोलत नाही. आपल्याच भाषेतल्या कादंबऱ्या बघ. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ची. तिची चाल कुणीही संथच म्हणेल. धनगरांचं गाव, मेंढरं, माळ, पाऊसपाणी. पण ते गाव तुम्हाला कोण दाखवतं? नुकता मिसरूड फुटलेला एक मास्तर, ज्याला शाळा चालवायची आहे आणि शाळेत पोरं नाहीत. पोरं मेंढरांमागं जातात. म्हणून त्याला कारभारी लागतो, कारभाऱ्याचं वजन लागतं, गावाचा कल लागतो, गावातली भांडणं कळावी लागतात. ज्याची त्याला गरज पडते ते आपल्याला दिसतं. माडगूळकरांना त्या मुलखाबद्दल तुझ्या दसपट माहिती असेल. पहिल्या पन्नास पानांत त्यांनी ती ओतली नाही, आणि पुस्तक तर केवढंसं आहे.

शंकर पाटलांची ‘टारफुला’, १९६४. गावचा पाटील जातो तिथून सुरुवात. एकदा गावाला धनी राहिला नाही म्हटल्यावर पाटीलकी काय असते, कुलकर्ण्याचं स्थान काय, कोण कुणाला दबून आहे, हे सांगण्यासाठी निबंध लिहावा लागत नाही. सगळ्या गावाला एकच प्रश्न पडलाय की आता पुढं कोण. ज्याला त्याला आपापली जागा सांभाळायची नड पडली, की गावाची सगळी घडण आपोआप उघडी पडते.

अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘फकिरा’त (१९५९) तर पुस्तकाला ज्याचं नाव आहे तो सुरुवातीला लहान पोर आहे. आधी त्याचा बाप राणोजी येतो. जिच्यामुळे जत्रेचा मान मिळतो ती जोगणी आपल्या गावी आणायची म्हणून तो जिवावर उदार होतो आणि त्यापायी मरतो. ती जोगणी, तो गावाचा मान, बापाचं रक्त, हे सगळं पोराच्या डोक्यावर कर्जासारखं बसतं आणि पुढचा फकिरा त्यातून घडतो. आता तू म्हणशील, बघा, तिथंही आधीची पिढी आली, मीही पणजोबांपासून सुरुवात केली. होय, पण राणोजी धावतोय. तुझा पणजोबा फोटोत बसलाय.

आणि विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ घे, १९३९. युरोपातून निघालेली बोट. बोटीवर देश सोडून आलेले ज्यू आणि त्यांच्यात हिंदुस्थानात परतणारा चक्रधर विध्वंस. जर्मनीत काय चाललंय ते पहिल्या प्रकरणात समजावून द्यायला बेडेकरांना कोण अडवत होतं? पण बोट पुढं सरकते आहे, प्रत्येकाची मुक्कामाची जागा जवळ येते आहे किंवा मुक्कामाला जागाच नाही, आणि म्हणून माणसं एकमेकांशी बोलतात. बोलण्याला कारण आहे. एवढं मोठं युद्ध दाराशी आलेलं, आणि पुस्तक केवढं लहान! वेग हा असा येतो.

तू पत्रात ‘कोसला’चा दाखला दिलायस. दिल्याशिवाय राहवत नाही तुमच्या वयाच्या मुलांना, आणि मला त्याचा राग नाही. नेमाडे स्वतः पंचविशीत होते ते पुस्तक आलं तेव्हा, १९६३ साली, आणि तुझंही वय तेवढंच. तू म्हणतोस, तिथं तर काही घडत नाही, नुसतं हॉस्टेल आणि मेस. अरे, पण बोलणारा पांडुरंग सांगवीकर बघ ना. स्वतःचं नाव सांगतो, वय सांगतो, यापलीकडं सांगण्यासारखं काही नाही म्हणतो, आणि मग अख्खं पुस्तक सांगत सुटतो. ही सांगणाऱ्याची नड आहे. तिच्याएवढी मोठी नड कुठली? तुझ्या त्या ९२ पानांत कोण बोलतंय, सांग बघू मला. त्या आवाजाला ना आई ना बाप. गॅझेटियर बोलतं तसा तो बोलतो. मधला मुलगा निवेदक आहे असं तू पत्रात लिहितोस, पण तो पानावर पहिल्यांदा ‘मी’ म्हणतो ९६व्या पानावर! मुकादम आल्यावर! म्हणजे नड आल्याबरोबर तुझ्या निवेदकाला कंठ फुटला. तुझ्या हाताला हे कळतं. तुझ्या डोक्याला त्या शिबिरानं भलतंच शिकवलं.

आता त्या प्रेताबद्दल. तो भाग तू एका रात्रीत लिहिलास हे दिसतं. वाक्यं उसनी आहेत. चांदणं, कोल्ह्याची कुई, उसाचं पातं, रक्त. कोण मेलं हे वाचकाला माहीत नाही, ते मेल्यामुळे कुणाचं काय अडलं हेही माहीत नाही. प्रेताला कशाची नड नसते, पोरा. नड मागं राहिलेल्यांना असते. ते प्रेत जर खरंच तुझ्या कथेत असेल, तर ज्या बाईचं ते माणूस होतं तिला दुसऱ्या दिवशी खाडा पडला की नाही, मुकादमानं खाडा धरला की माफ केला, त्याची न फिटलेली उचल कुणाच्या नावावर चढली, तिथून लिही. माझ्या अंगावर काटा येईल. कोल्ह्याच्या कुईनं येत नाही.

तू म्हणशील, बाई एवढ्या हट्टानं का बोलतात. सांगते. माझी इचलकरंजीची कादंबरी तू वाचली आहेस. तिचं हस्तलिखित प्रथम ज्या प्रकाशकाकडे गेलं, तिथल्या संपादकांनी मला बोलावून घेतलं, चहा दिला आणि सांगितलं की पहिली चाळीस पानं काढा, काही घडत नाही, कारखान्याला आग लागते तिथून सुरू करा. ती चाळीस पानं म्हणजे एक रात्र. रात्रपाळीत वीज जाते आणि गल्लीतले सगळे यंत्रमाग एकदम थांबतात. खटखट बंद पडते तशी घराघरांतली माणसं जागी होतात. आमच्याकडे माणूस आवाजानं नाही जागा होत, आवाज थांबला की होतो. काही घडत नाही म्हणे! जेवढं कापड तेवढी मजुरी. वीज नाही म्हणजे कापड नाही. मागवाल्याला सकाळी बीम संपवून द्यायचंय, कांड्यांवर सूत भरणाऱ्या कांडीवालीला आठवड्याचा हिशोब करून पोराची फी भरायचीय, मालकाला व्यापाऱ्याकडे माल पोचवायचाय. सगळा गाव अंधारात बसून एकाच गोष्टीची वाट बघतोय. यापेक्षा जास्त काय घडायला हवं?

मी हस्तलिखित परत आणलं. पुस्तक पुढं लहान प्रकाशकाकडून आलं, खूप उशिरा आलं, फार खपलं नाही. आगीपासून सुरुवात केली असती तर कदाचित खपलं असतं, निदान लवकर आलं असतं. आणि लवकर आलं असतं तर माझ्या आईनं ते हातात धरलं असतं. तिनं वर्षानुवर्षं कांड्या भरल्या, ती सगळी रात्र तिची होती, आणि पुस्तक निघालं तेव्हा ती नव्हती. हे मला आजही बोचतं. तरी मी ती पानं काढली नसती. काढून तिच्या हातात काय दिलं असतं? आग? आमच्या घरात कधी आग लागली नव्हती. आमच्या घरात वीज जायची.

इतिहास मलाही माहीत होता. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, संस्थानचे जहागीरदार नारायणराव घोरपडे त्यांच्या पाठीशी होते, हे मला तोंडपाठ होतं, आणि ते पहिल्या पानावर घालायला माझा हात किती शिवशिवत होता म्हणून सांगू. माझ्या पुस्तकात १९०४ येतं दोनशे पानांनंतर. भंगारवाला दारात उभा आहे, माग किलोवर तोलून न्यायला आलाय, आणि म्हातारा मागवाला त्याच्याशी भावावरून घासाघीस करताना ते साल सांगतो. किलोमागं चार पैसे जास्त मिळावेत म्हणून सांगतो. त्याला त्या सालाची नड पडलीय. तोपर्यंत मी ते दाबून धरलं. तुझं प्रवरानगर असंच दाबून धर. फडात, कोपीत म्हणजे टोळीच्या झोपडीत, कारखान्याच्या वजनकाट्यापाशी कुणाला तरी ते लागेल. कुणालाच नाही लागलं, तर ते तुझ्या पुस्तकाचं नव्हतं.

माहिती फाडून टाकू नकोस, हे मात्र बजावते. तिची वेगळी वही कर. संगणकावर नको, हातानं लिहिलेली वही, आणि प्रत्येक गोष्टीपुढं समासात एका माणसाचं नाव लिही: ही माहिती कुणाला लागणार? आजीला, मुकादमाला, बहिणीला, वजनकाट्यावरच्या कारकुनाला. ‘वाचकाला’ असं लिहायचं नाही. वाचक तुझ्या कादंबरीत राहत नाही. ज्या गोष्टीपुढं नाव सुचत नाही तिला वहीतच राहू दे, ती तुझ्या हाताला वजन देईल, पानावर आली नाही तरी चालेल. तुला वाटतं तेवढं वाया काहीच जात नाही. पणजोबांच्या जमिनीबद्दल तू जे लिहिलंस त्यामुळेच तुझा बाप मुकादमापुढं बसताना पाय पोटाशी घेत नाही, मांडी घालून बसतो. मी ते टिपलं. तू कुठं लिहिलं नाहीस की हा जमीनदाराचा नातू आहे म्हणून असा बसतो, आणि लिहू नकोस.

आणखी एक. वेग वाढवायचा म्हणून वाक्यं तोडू नकोस. नवीन खर्ड्यात तू काही ठिकाणी दोन-दोन शब्दांची वाक्यं केलीयस, कुणाचं तरी ऐकून. तुझ्या आजीचं बोलणं लांब आहे, आडवळणी आहे, ती मुद्द्यावर यायच्या आधी तीन गावं फिरून येते. तिला तसंच बोलू दे. आईला उत्तर हवंय आणि आजी फिरून फिरून बोलतेय, यातच ताण आहे. नड धरलेली असली की संथपणा अंगी लागतो. नड सुटली की दोन शब्दांचं वाक्यही लांब वाटतं.

तेव्हा कर काय: प्रेत बाजूला ठेव. पहिलं प्रकरण ओसरीवर. मुकादम आधीच बसलेला असू दे, तो कसा आला, कुठल्या गाडीनं आला, त्याचा चेहरा कसा, याची मला पर्वा नाही. ‘यंदा किती कोयते?’ हा तुझा पहिला संवाद. दुसरं प्रकरण आजी, आई आणि कानस. तिसऱ्यात बहिणीला बघायला येतात. ट्रक किती पानांवर भरेल ते मोजू नकोस. पन्नासाव्या पानावर भरला काय आणि नव्वदाव्यावर भरला काय, जोपर्यंत त्या घरातल्या प्रत्येकाला तो ट्रक भरायच्या आत काहीतरी उरकायचंय तोपर्यंत मी बसून वाचणार आहे. मग कोंबड्यांची डालगी, फाटक्या साडीत गुंडाळलेले कोयते, शेजारणीकडे बांधलेली शेळी, तुझं ते ११४वं पान जसंच्या तसं राहू दे. त्याला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे.

मला एक गोष्ट तुझ्या लिहिण्यात कुठंच सापडली नाही. थोरला भाऊ हंगाम अर्ध्यावर टाकून पळाला, तेव्हा त्याच्या अंगावर उचल होती. ती फिटली का? नसेल फिटली, तर यंदा मुकादम ती कुणाच्या उचलीतून वळती करून घेतोय? बापाच्या, की मधल्याच्या, की होणाऱ्या सुनेच्या? ओसरीवरच्या त्या बोलण्यात हे निघाल्याशिवाय राहणारच नाही, आणि तुझा बाप ‘दीड’ म्हणताना याच गोष्टीला घाबरत असणार. तुला याचं उत्तर माहीत नसेल तर अंदाजानं लिहू नकोस. तुझी आई अजून फडावर जाते असं तू म्हणाला होतास. या आठवड्यात तिला फोन कर, नुसतं ‘जेवलीस का’ विचारून ठेवून देऊ नकोस, हिशोब विचार. कोणाची उचल कोणावर चढते, चिठ्ठीवर काय लिहितात, अंगठा कुणाचा घेतात. माझ्या आईला मी कांड्यांचा हिशोब असा बसून कधी विचारला नाही, आणि पुढं जिथं जिथं तो लागला तिथं मला शेजारच्या बायकांकडून घ्यावा लागला.

ओसरीचं प्रकरण झालं की तेवढंच पाठव, पुढचं नको. टपालानं पाठव, मला पडद्यावर वाचवत नाही. समास मोठा ठेव.

तुझी,
बाई